ओरान्येमुंड : नदीने आणले, समुद्राने निवडले

नामिबियाच्या नकाशात अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात बघा. ऑरेंज नदी जिथे अटलांटिकला मिळते तिथे काठावर ओरान्येमुंड नावाचं छोटं गाव आहे. एका बाजूला थंड आणि कायम खवळलेला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि नदीपलीकडे साउथ आफ्रिका. १९३६ साली एका हिरे कंपनीने हे गाव वसवलं ते फक्त आपल्या कामगारांसाठी. घरं कंपनीची, दवाखाना, वीज, पाणी सगळं कंपनीचं आणि २०१७ पर्यंत परवान्याशिवाय बाहेरच्या माणसाला गावात शिरताच येत नव्हतं. पण मला यात सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे, ज्या हिऱ्यांसाठी हे सगळं उभं राहिलं ते इथले नाहीतच.

हिरा तयार होतो जमिनीखाली साधारण दीडशे-दोनशे किलोमीटरवर, तिथल्या प्रचंड दाबात. तो वर येतो किंबर्लाइट नावाच्या ज्वालामुखी खडकाबरोबर आणि झपाट्याने यावा लागतो, कारण रेंगाळत आला तर त्या उष्णतेत त्याचं ग्रॅफाइट व्हायची भीती असते. असे उद्रेक साउथ आफ्रिकेच्या मधल्या भागात, किंबर्ली वगैरे परिसरात, डायनोसॉरच्या काळात झाले. मग कोट्यवधी वर्षं ऊन-पाऊस त्या खडकांवर काम करत राहिले, वरचा थर झिजून वाहून गेला आणि त्यातले हिरे ऑरेंज नदीच्या खोऱ्यात पडले. ही नदी लेसोथोच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे २,२०० किलोमीटर धावून समुद्राला मिळते, त्यामुळे इतक्या लांब गोट्यांबरोबर आपटत येताना ज्या हिऱ्यात आतून चीर होती तो फुटून गेला आणि धड होता तोच पोचला. म्हणून इथले ९५ टक्क्यांच्या आसपास हिरे दागिन्यात बसवण्याच्या दर्जाचे निघतात. खाणीतून थेट काढलेल्या मालात एवढं प्रमाण सहसा मिळत नाही.

पुढचं काम समुद्राने केलं. या किनाऱ्यावर लाटा नैऋत्येकडून तिरप्या येतात, त्यामुळे नदीने टाकलेली रेती आणि गोटे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकत जातात. साध्या वाळूतलं क्वार्ट्झ पाण्याच्या २.६५ पट जड, हिरा साडेतीन पट. आपण सुपात धान्य पाखडतो तसंच हे, हलकं पुढे उडून जातं आणि जड मागे राहतं, फक्त इथे पाखडणी लाखो वर्षं चालली. मोठे हिरे नदीच्या मुखाजवळच तळखडकाच्या भेगांत अडकले, लहान पुढे गेले. ओरान्येमुंडजवळ सरासरी हिरा एक-दीड कॅरेटचा आणि वर उत्तरेला ल्यूडरिट्झ बंदराकडे जावं तसा तो बारीक बारीक होत जातो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात ना, ते इल्मेनाइट नावाचं जड काळं खनिजही लाटांनी असंच वेगळं केलंय, सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून सुटून आलेलं.

गंमत म्हणजे माणसाला आधी सापडले ते शेवटच्या टोकाचे, बारीक हिरे. १९०८ साली हा भाग जर्मनीच्या ताब्यात होता आणि ल्यूडरिट्झ बंदरातून आत जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांवर सतत वाळू यायची ती उपसायला माणसं लावलेली असायची. त्यातल्या झकारियस लेवाला नावाच्या कामगाराला एक चमकणारा खडा दिसला. त्याने आधी किंबर्लीत काम केलेलं, त्यामुळे हे काय आहे ते त्याला बरोब्बर कळलं आणि त्याने तो साहेबाला, ऑगस्ट श्टाउखला, नेऊन दिला. श्टाउखने गुपचूप जमिनीचे हक्क घेतले आणि तो गडगंज झाला, लेवालाला त्यातलं काही मिळालं नाही. आणि ही रेल्वे कशी झाली तेही सांगायलाच हवं. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन फौजेने हेरेरो आणि नामा या इथल्या मूळ लोकांचा वंशसंहार केला, ल्यूडरिट्झजवळच्या शार्क आयलंडवर कैद्यांची छावणी होती, आणि त्या कैद्यांना या रेल्वेच्या कामाला जुंपलं होतं. तिथे फार माणसं मेली. हिऱ्यांच्या श्रीमंतीची गोष्ट यापासून वेगळी काढून सांगणं मला पटत नाही.

शोध लागल्यावर जर्मन सरकारने त्याच वर्षी किनाऱ्यालगतचा मोठा पट्टा बंद करून टाकला, त्याला श्पेरगेबीट म्हणजे बंदी घातलेला प्रदेश म्हणतात, क्षेत्र साधारण २६,००० चौरस किलोमीटर. ल्यूडरिट्झजवळ कोलमन्सकोप गाव उभं राहिलं. भर वाळवंटात बर्फाचा कारखाना, नाटकाचा हॉल, दवाखान्यात एक्स-रे मशीन, आणि पिण्याचं पाणी केप टाउनहून जहाजाने यायचं. पण वाऱ्याने पसरलेला तिथल्या हिऱ्यांचा थर पातळच होता, संपत आला. तेवढ्यात १९२६-२७ च्या सुमारास हान्स मेरेन्स्की या भूगर्भशास्त्रज्ञाने नदीच्या दक्षिणेला, जुन्या किनाऱ्याच्या शिंपल्यांच्या थरात मोठे हिरे शोधले आणि वर्षभरातच उत्तरेच्या बाजूलाही तेच मिळाले. झालं, सगळा पैसा आणि माणसं दक्षिणेकडे वळली, १९४३ मध्ये कंपनीचं मुख्य ऑफिसही ओरान्येमुंडला आलं आणि १९५६ पर्यंत कोलमन्सकोप रिकामं झालं. आता तिथल्या घरांत खिडकीपर्यंत वाळू आहे.

ओरान्येमुंडची पद्धत अशी की वरची कित्येक मीटर वाळू मशीनने काढायची, खालचा खडक उघडा करायचा आणि मग भेगा न् भेगा झाडून, नंतरच्या काळात व्हॅक्यूमने ओढून साफ करायच्या, कारण माल तिथेच अडकलेला. त्याहून धाडसाचं म्हणजे वाळूचे बांध घालून चक्क समुद्र मागे ढकलायचा आणि त्याचा तळ खणायचा. हे अंगमेहनतीचं काम कित्येक वर्षं उत्तरेकडून कंत्राटावर आणलेल्या ओवांबो पुरुषांनी केलं, बायकापोरांना सोबत आणायची परवानगी नव्हती, हॉस्टेलमध्ये राहायचं. १९७१-७२ मध्ये देशभरच्या कंत्राटी कामगारांनी याच पद्धतीविरुद्ध मोठा संप केला. चोरीच्या भीतीने नियमही कडक, खाणीच्या हद्दीत एकदा गेलेली गाडी सहसा बाहेर येत नाही, तिथेच गंजते.

असाच एक बांध घालून खणताना २००८ मध्ये हिऱ्यांऐवजी लाकूड आणि तांब्याचे गोळे लागले. ते निघालं १५३३ साली लिस्बनहून निघालेलं पोर्तुगीज जहाज, बहुधा ‘बोम जेझुस’, आणि ते येत होतं आपल्याच पश्चिम किनाऱ्याकडे. दोन हजारांवर सोन्याची नाणी, हस्तिदंत आणि कित्येक टन तांबं. तांबं इकडे विकायचं आणि मिरी न्यायची हा तेव्हाचा व्यापार. हस्तिदंताच्या डीएनए तपासणीत ते पश्चिम आफ्रिकेतल्या ‘फॉरेस्ट एलिफंट’ जातीच्या हत्तींच्या निदान १७ कळपांचं निघालं. गोव्या-कोचीनकडे येणारा माल पाचशे वर्षांनी हिऱ्याच्या खाणीत सापडावा, विचार करा!

आता पैशाचं. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला आणि १९९४ मध्ये नामदेब कंपनी झाली, अर्धी सरकारची आणि अर्धी डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीची. पण लाटांनी जेवढं किनाऱ्यावर टाकलं तेवढं बरंचसं काढून झालंय. आता मुख्य उत्पन्न समुद्रातून येतं, शंभर-सव्वाशे मीटर पाण्याखालची रेती जहाजं शोषून घेतात. जमिनीवरची खाण २०२२ पर्यंत बंद होईल असं ठरत आलं होतं, पण २०२१ मध्ये सरकारने रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या हिऱ्यांवर सरकारला द्यायचा वाटा, १० वरून ५ टक्क्यांवर आणली आणि खाणीला २०४२ पर्यंत जगण्याची आशा मिळाली. त्यात लॅबमध्ये बनलेल्या हिऱ्यांनी भाव पाडलेत, त्यातले पुष्कळ आपल्या सुरतेतच बनतात, म्हणजे आपल्या शेजारच्या कारखान्याचा फटका थेट त्या गावाला बसतो.

ओरान्येमुंडला २०११ मध्ये रीतसर नगराचा दर्जा मिळाला, आणि आजवर कंपनी फुकट देत होती त्या पाणी-विजेचं बिल कोणी भरायचं हा तिथला खरा प्रश्न आहे. भांडवल एकच म्हणता येईल. शंभर वर्षं माणसांना बंदी असल्याने श्पेरगेबीटमध्ये निसर्ग टिकून राहिला, देशातल्या जवळजवळ पाव वनस्पती जाती तिथे आहेत, गावातल्या रस्त्यांवर लांब शिंगांची गेम्सबॉक हरणं चरताना दिसतात. २००८ मध्ये तिथे नॅशनल पार्क झालं. पर्यटकांवर गाव चालेल का, याबद्दल मला शंका वाटते, कारण एवढ्या आडबाजूला किती लोक येणार. दरम्यान २०२२ मध्ये याच किनाऱ्यासमोर खोल समुद्रात तेल लागलंय, आणि जहाजांना लागेल तो माल पुरवायला ल्यूडरिट्झ बंदरात पुन्हा लगबग सुरू झालीये.