पंगतीपासून डब्यापर्यंत : नाशिकच्या खेड्यांतील सहिष्णुतेची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत वाढणाऱ्या मुलांना इतर धर्मांची ओळख पाठ्यपुस्तकाआधी सणावारांतून होते. पिराच्या उरुसात नारळ आणि मलिदा देणारी घरे केवळ मुसलमानांची नसतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते.

ही वस्ती एका काळात बसलेली नाही. सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांचे डोंगऱ्यादेव आणि वाघदेव आहेत. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीसाठी पौष वद्य एकादशीला दिंड्या येतात. मालेगावात १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर स्थिरावले. आणि त्याच सुमारास मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूर वसवले, जिथे धर्मांतरितांबरोबर गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुलेही शिकली. आज त्या नावाचा रस्ता शहराच्या ऐन गर्दीत आहे.

मात्र उरुसात एकत्र येणाऱ्या याच गावांनी आपल्यातल्याच काहींना देवळाबाहेर ठेवले होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी रामनवमीचा रथ सवर्ण आणि सत्याग्रही यांनी मिळून ओढायचा, असे ठरले होते. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात दोराला लागण्याआधीच तो पळवण्यात आला आणि दगडफेक झाली. दार काही उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले, आणि १९५६ नंतर जिल्ह्यातल्या अनेक वस्त्यांत बुद्धविहार उभे राहिले. सहिष्णुता ही गावाच्या चांगुलपणातून आपोआप आली, असे म्हणणाऱ्यांनी हा रथ विसरू नये.

पुढच्या काळात बदल घडवला तो मुख्यतः शाळेने, आणि माझ्या मते धड्यांपेक्षा खिचडीने अधिक. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि गावातल्या सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसू लागली. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत डबा सुरू होतो आणि प्रत्येक डबा आपापल्या घराचे नियम घेऊन येतो. २००६ आणि २००८ च्या मालेगाव स्फोटांनंतर जन्मलेल्या या मुलांनी त्या काळातला संशय घरच्या बोलण्यातूनच ऐकलेला असतो. आता त्यात मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींची भर पडते.

तरी मधल्या सुट्टीतला व्यवहार मुलेच ठरवतात. श्रावणात अंड्याची पोळी आणणारा मुलगा झाकण अर्धवट लावून बाकाच्या टोकाला बसतो, रमजानमध्ये रोजा धरलेली मुलगी मैत्रिणींच्या वह्या पूर्ण करून देते, आणि त्या तिच्यासमोर न खाता व्हरांड्यात जाऊन डबे उघडतात.