जवारी

तंबोरा, सतार, रुद्रवीणा या वाद्यांच्या रुंद घोडीवर तार जिथे टेकते, तिथला पृष्ठभाग घासून त्याला अगदी सूक्ष्म गोलाई देतात. ही गोलाई म्हणजे जवारी. तिच्यामुळे तारेतून जो भरदार, झणकारता, रेंगाळणारा नाद निघतो त्यालाही जवारीच म्हणतात. ‘जवारी उतरली’, ‘जवारी काढून आणली’, ‘जरा खुली ठेवा’ हे गाणाऱ्यांच्या घरातले रोजचे शब्द. गळ्यात तसा झणकार असला तर तो आवाज ‘जवारीदार’.

जवारी समजायची तर आधी साधी ताणलेली तार पाहावी. तार छेडली की ती आडवी हलते आणि तो हेलकावा तिच्या लांबीवरून धावत सुटतो. असा तरंग म्हणजे अवतरंग. घोडी आणि मेरू (दांडीच्या वरच्या टोकाची, तार टेकवणारी पट्टी) या दोन टोकांवरून तो परत फिरतो. जाणारे आणि येणारे तरंग एकमेकांत मिसळून तारेवर स्थिर तरंग उभे राहतात. त्यात काही बिंदू जागचे हलत नाहीत, ते निस्पंद. दोन निस्पंदांच्या मधोमध तार सर्वांत जास्त डोलते, तो प्रस्पंद. तार एकाच वेळी अख्खी डोलते, दोन भागांत डोलते, तीन, चार, पाच भागांतही डोलते. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर येतात ते यातूनच.

तारेची मोकळी लांबी एक मीटर धरू आणि तंबोऱ्याची जोडीची तार (षड्जात लावलेल्या मधल्या दोन तारांपैकी एक) काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या षड्जात, सुमारे १३९ हर्ट्झला लावू. मूळ स्वराची तारेवरची तरंगलांबी लांबीच्या दुप्पट, दोन मीटर. म्हणजे तारेवरून तरंग सेकंदाला सुमारे २७८ मीटर वेगाने धावतो. हा वेग तारेचा ताण आणि तिचे दर मीटर वजन यांवर ठरतो. खुंटी पिळली की ताण वाढतो, वेग वाढतो, स्वर चढतो. पण बारीक तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला), आणि ती रुंद तबली हवेला ढकलते. हवेतला ध्वनी अनुतरंग असतो: हवेचे थर तरंगाच्याच दिशेने पुढेमागे होत दाट-विरळ होतात. वारंवारता तीच राहते, पण हवेत वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असल्यामुळे तरंगलांबी अडीच मीटरच्या आसपास जाते.

खरे कोडे इथून पुढे आहे. थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद असेल तो उपस्वर वाजणार नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर गायब व्हायला हवेत. तंबोरा तर जवळपास मध्यावरच छेडतात, आणि तरीही त्याच्याइतके उपस्वरांनी भरलेले वाद्य क्वचितच सापडेल. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या आपल्या लेखात नेमके हेच दाखवले: तंबोरा आणि वीणा यंगचा नियम पाळत नाहीत, आणि याचे कारण त्यांच्या घोडीत आहे.

गिटार किंवा व्हायोलिनच्या घोडीची धार तीक्ष्ण असते. तारेचे टोक तिथे पक्के ठरते. तंबोऱ्याच्या घोडीवर तसे टोकच नाही. तार खाली येते तेव्हा ती गोलाईला थोडी अधिक चिकटते, वर जाते तेव्हा सुटते. तिची वाजणारी लांबी प्रत्येक हेलकाव्यात सूक्ष्म प्रमाणात बदलत राहते. अशा वारंवार होणाऱ्या स्पर्शामुळे मूळ स्वराची ऊर्जा वरच्या उपस्वरांत वाटली जाते. छेडताना जे उपस्वर जन्मलेच नव्हते ते घोडीवर जन्मतात. नाद विरत असताना उपस्वरांचा भर वरून हळूहळू खाली सरकतो; एक तार छेडून शांत ऐकत बसले की हा उतार स्पष्ट कानावर येतो.

तंबोऱ्यात यात भर पडते ती घोडी आणि तार यांच्या मध्ये घातलेल्या सुती दोऱ्याची. या दोऱ्याला जीव म्हणतात, आणि नाव सार्थ आहे. तारेखाली दोरा नसताना आवाज कोरडा, बसका येतो. दोरा घालून बोटाने तसूतसूने सरकवत गेले की एका जागी नाद एकदम उघडतो, खोलीभर पसरतो. केसभर पुढे गेले की तो पुन्हा मिटतो. ती जागा डोळ्यांनी सापडत नाही.

याचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे गंधार. तंबोऱ्यावर मंद्र पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज (खालच्या सप्तकातला षड्ज) एवढेच लावलेले असतात. गंधाराची तारच नाही. पण खर्ज ६९.५ हर्ट्झला असेल तर त्याचा पाचवा उपस्वर सुमारे ३४८ हर्ट्झला येतो, आणि तो शुद्ध गंधार आहे. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. जोडीच्या तारा जुळल्या नसतील तर हा गंधार दिसेनासा होतो: १३९ आणि १४० हर्ट्झच्या दोन तारा एकत्र वाजल्या तर सेकंदाला एक याप्रमाणे आवाज फुगतो आणि ओसरतो. हे विस्पंद नाहीसे होईपर्यंत तारांत ओवलेले, स्वर बारीक जुळवायचे मणी सरकवत राहणे म्हणजेच तंबोरा मिळवणे. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) सुरेल तंबोऱ्यांसाठी ख्यातनाम होते.

मिरजेत हा हुन्नर एकोणिसाव्या शतकात रुजला. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी वाद्यांकडे वळली, आणि त्यांच्या वंशजांना सतारमेकर हे नाव पडले. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घोडी हाडाची, शिंगाची किंवा शिसवी लाकडाची असते. जवारी काढताना कारागीर बारीक कानशीने एक-दोन हात मारतो, भुगा पुसतो, तार परत जागेवर बसवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा तार बाजूला करतो. मिलिमीटरचा अगदी लहान अंश जास्त गेला तर आवाज खरखरतो आणि सगळी गोलाई नव्याने धरावी लागते. गायकाची पट्टी कोणती आणि त्याला जवारी खुली (जास्त झणकारती) हवी की बंद (मृदू), हे आधीच विचारून घेतात. रोजच्या वापरात पोलादी तार घोडीवर बारीक चरा पाडते, आणि तंबोरा पुन्हा कानशीखाली येतो.