मल्टी-क्यू नेटवर्किंग

नेटवर्क कार्डावर येणारी पॅकेटं एकाच रांगेत न लावता बऱ्याच रांगांत वाटायची आणि प्रत्येक रांग प्रोसेसरच्या वेगळ्या कोरकडे सोपवायची, ही ती पद्धत. १० गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात छोटी, म्हणजे ६४ बाइटची पॅकेटं आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाखांच्या वर जातात, एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद, तेवढ्यात एकटा कोर काय काय करणार.

मग आळीपाळीने का नाही वाटत? तर एकाच डाउनलोडची पॅकेटं दोन कोरवर गेली की मागचं पुढे निघून जातं, टीसीपीला, म्हणजे डेटा क्रमाने पोचवणाऱ्या व्यवस्थेला, वाटतं मधलं हरवलं, आणि उगीच पुन्हा पाठवापाठवी होऊन स्पीड पडतो. म्हणून कार्ड दोन्हीकडचा आयपी पत्ता आणि दोन्हीकडचा पोर्ट नंबर घेऊन हॅश, म्हणजे त्यांच्यावरून हिशोबाने येणारा एक आकडा, काढतं, बहुतेक कार्डांत टोप्लिट्झ हॅश असतो, आणि कुठल्या आकड्याला कुठली रांग याच्या टेबलात १२८ घरं असतील तर हॅशचे शेवटचे ७ बिट बघून रांग ठरवतं. एक कनेक्शन, एकच रांग, क्रम शाबूत. याला रिसीव्ह साइड स्केलिंग म्हणतात.

खरी गोची पीपीपीओईत, म्हणजे लॉगिन घेऊन ग्राहकाची पॅकेटं आणखी एका वेष्टनात घालणाऱ्या पद्धतीत. इंदुरात केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेतलेल्यांना ते युझरनेम-पासवर्डचं लॉगिन माहीत असेलच. बऱ्याच कार्डांना त्या वेष्टनाच्या आतला आयपी वाचताच येत नाही, मग ग्राहकांकडून वर येणारी सगळी पॅकेटं शून्य नंबरच्या रांगेत! मॅचच्या रात्री केबलवाल्याच्या सर्व्हरवर टॉप (कोरवरचा भार दाखवणारी कमांड) लावून बघा, एक कोर सॉफ्टआयआरक्यूत, म्हणजे आलेली पॅकेटं उरकण्यात, १०० टक्के आणि बाकीचे निवांत, वर लोक म्हणतात मशीन मोठी घ्या. डाउनलोड मात्र इंटरनेटकडच्या वरच्या लाइनवरून साध्या आयपीत येतं, ते नीट वाटलं जातं.

यावर उतारा आरपीएस (रिसीव्ह पॅकेट स्टीअरिंग), म्हणजे हीच वाटणी कार्डाऐवजी कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, करायची. गूगलच्या टॉम हर्बर्टचं हे काम २०१० साली लिनक्स २.६.३५ मध्ये आलं. ते आपोआप चालू नसतं, कुठले कोर वापरायचे ते प्रत्येक रांगेला सांगावं लागतं, आणि पॅकेट दुसऱ्या कोरकडे ढकलायचा खर्च आहेच, पहिल्या कोरचं काम काही शून्य होत नाही.

एकच दांडगं कनेक्शन असेल, समजा रात्रीचा बॅकअप, तर रांगा कितीही वाढवा, ते एकाच कोरवर बसणार. कोरांपेक्षा जास्त रांगा ठेवूनही सहसा फायदा नाही, इंटरप्ट, म्हणजे कोरला हातचं काम थांबवायला लावणाऱ्या कार्डाच्या हाका, तेवढे वाढतात.