सख्ख्या नात्यातील अवयवदान : इंदूरच्या मराठी कुटुंबांनी कोणती कागदपत्रे जुळवून ठेवावीत

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा असून, 2011 च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, आई-वडील, मुले आणि भावंडे यांच्याबरोबरच आजी-आजोबा व नातवंडेही ‘निकटचे नातेवाईक’ ठरतात. सून, जावई, वहिनी, मामेभाऊ किंवा चुलतबहीण, घरात जिव्हाळा कितीही असला तरी, या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्या दानास प्राधिकार समितीची परवानगी लागते आणि दाता व रुग्ण या दोघांच्याही मागील 3 आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाची छाननी होते.

जिवंत दाता 18 वर्षे पूर्ण झालेला असावा. 2014 च्या नियमांनुसार निकटच्या नात्यातील दात्याची संमती नमुना 1 (फॉर्म 1) मध्ये घेतली जाते. पती-पत्नींसाठी नमुना 2, निकटच्या नात्याबाहेरील दात्यासाठी नमुना 3 आणि दाता व रुग्ण यांच्या संयुक्त अर्जासाठी नमुना 11 असतो.

आपल्याकडे अडचण येते ती नावांची. भाऊ इंदूरच्या रामबागेत राहणारा आणि बहीण लग्न होऊन पुण्याला गेलेली असेल, तर तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते, आधारकार्डावर सासरचे, आणि काही घरांत तर लग्नात तिचे पाळण्यातले नावही बदललेले असते. अशा वेळी दोघांचे जन्मदाखले, बहिणीचे विवाह प्रमाणपत्र, ओळख व निवासाचे पुरावे, आणखी एका निकटच्या नातेवाइकासोबतचे कौटुंबिक छायाचित्र आणि तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा नातेसंबंधाचा दाखला हे सारे एकत्र जोडावे.

हा खटाटोप मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ऊतीजुळणीची चाचणी आणि कागदपत्रे यांतून नाते निःसंशय सिद्ध झाले नाही, तरच पुढे डीएनए चाचणी सांगितली जाऊ शकते, आणि तीही अपुरी पडल्यास आई-वडिलांचेही चाचणीसाठीचे नमुने मागितले जातात. म्हणजे एका दाखल्याच्या उणिवेपायी साऱ्या घराची जनुकीय माहिती प्रयोगशाळेत पोहोचते. वैद्यकीय नोंदींना 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संवेदनशील वैयक्तिक माहिती मानले आहे. म्हणून चाचणीसाठी नमुना देण्याआधी तो केवळ नातेसिद्धीसाठी घेतला जात असल्याचे संमतिपत्रात लिहून घ्यावे आणि संशोधनाच्या वापराची संमती त्याच सहीत मिसळलेली नाही ना, हे वाचून पाहावे.

अवयवाच्या खरेदी-विक्रीस 5 ते 10 वर्षे कारावास आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड आहे. समितीने परवानगी नाकारल्यास 30 दिवसांत शासनाकडे अपील करता येते. दात्याला मात्र शस्त्रक्रियेपूर्वी केव्हाही संमती मागे घेता येते, आणि हे त्याला घरच्यांनीच स्पष्ट सांगायला हवे.