बीजगणिताचे व्हिडिओ पाठ

बीजगणिताचे व्हिडिओ पाठ : समीकरणे सोडवणे, अवयव पाडणे, बहुपदींवरील क्रिया ही कौशल्ये ध्वनिचित्रमुद्रित पाठ पाहून शिकण्याची पद्धत. भूमितीला निदान आकृती तरी असते. बीजगणिताच्या पुस्तकात दिसतात त्या लिहून झालेल्या ओळी. वरच्या ओळीतून खालची कशी आली, हे लिहिणाऱ्याचा हात पाहिला की चटकन कळते. व्हिडिओ तो हात हवा तिथे थांबवून, पुन्हा मागे नेऊन दाखवतो.

२क्ष + ५ = १७ हे समीकरण घ्या. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे वर्गात सगळ्यांना पाठ असते. पण पाच खरे तर कुठेच जात नाहीत, दोन्ही बाजूंतून ५ वजा होतात. चांगल्या पाठात ही वजाबाकी दोन्ही बाजूंखाली वेगळ्या रंगात लिहिलेली दिसते. मग २क्ष = १२, क्ष = ६, आणि शेवटी ६ ही किंमत मूळ समीकरणात घालून ताळा. घाईचा पाठ मधली ओळ गाळतो. नियम नुसता पाठ केलेला मुलगा पुढे −३(क्ष − ४) चा कंस सोडवताना −३क्ष − १२ लिहून मोकळा होतो, आणि (अ + ब)² मधले २अब तर हमखास गिळतो.

सोडवलेली उदाहरणे पाहून बीजगणित शिकता येते, हे यूट्यूबच्या पुष्कळ आधी तपासले गेले होते. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना आधी सोडवलेले उदाहरण आणि लगेच तसेच एक सोडवायला दिले. नुसती उदाहरणे सोडवत बसलेल्यांपेक्षा ते त्याच धाटणीची गणिते लवकर सोडवू लागले. धाटणी बदलली की मात्र हा फायदा दिसला नाही. व्हिडिओ पाहून ‘कळले’ म्हणणाऱ्याची परीक्षेत होणारी फजिती याच जातीची. पुढची ओळ पडद्यावर येण्याआधी व्हिडिओ थांबवून ती वहीत स्वतः लिहिणे, हा त्यावरचा साधा उपाय.

आजचा परिचित साचा, म्हणजे काळी पाटी, रंगीत अक्षरे आणि न दिसणारा शिक्षक, रूढ केला तो सलमान खान यांनी (अभिनेते नव्हेत). अमेरिकेत २००४ मध्ये दूरच्या गावी राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला ते फोन व संगणकावरून गणित शिकवू लागले. २००६ पासून पाठ यूट्यूबवर आले आणि २००८ मध्ये खान अकादमी ही ना-नफा संस्था झाली. पाठ लहान ठेवण्याला पुढे आधारही मिळाला : एडेक्स या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांच्या २०१४ मधील एका पाहणीत सहा मिनिटांहून लहान व्हिडिओंत प्रेक्षक सर्वाधिक टिकून राहिले.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववी-दहावीत ‘गणित भाग १’ म्हणजे बीजगणित. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असून त्यांतून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरील (सुरुवात २०१७) दृकश्राव्य साहित्य उघडते. अडचण येते ती भाषेची. पुस्तकात ‘सहगुणक’ आणि ‘चल’, व्हिडिओत ‘कोइफिशंट’ आणि ‘व्हेरिएबल’. सेमी इंग्रजीच्या मुलाला दुसरे ओळखीचे, मराठी माध्यमाच्या मुलाला पहिले. ‘क्ष’ हे अक्षर तर आता पुस्तकातूनही गेले; तिथे रोमन लिपीतले एक्स, वाय आले. जुन्या शिक्षकांच्या तोंडी मात्र ‘क्ष बरोबर किती?’ अजून आहे.