आधी कान, मग डोळा

बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात दर माघात ज्ञानेश्वरीचे पारायण बसते. माझी मामी लग्न होऊन आली तेव्हापासून पारायणाला बसते. तिची शाळा दुसरीतच सुटली होती, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे ती पाटावरच्या पोथीच्या ओळींवरून बोट फिरवी, पण म्हणे ते माईकवरून ऐकू येईल तेच, आणि पान उलटायचे ते शेजारणीने उलटले की. एका वर्षी वाचणाऱ्याचा एक शब्द चुकला, तेव्हा मामी थांबली आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "अगे, हितं तसं न्हाई लिवलेलं." त्या क्षणी तिचा डोळा कानाच्या पुढे गेला होता. त्यानंतर तिने घरातला एकही छापील कागद सोडला नाही; भडंगाच्या पुडीचा कागदसुद्धा ती उलगडून वाचते.

वाचनाची गोडी कशी लागते, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा पुस्तकात शोधतो, म्हणजे चांगले पुस्तक हाती पडले की गोडी लागते, असे समजतो. संशोधकांच्या कामातून निघणारे उत्तर मामीच्या अनुभवाला अधिक जवळचे आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली एक साधे सूत्र मांडले: वाचून समजणे म्हणजे अक्षरांची उकल गुणिले ऐकून समजणे. यात बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे, कारण दोहोंपैकी एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती शून्यच येते. मामीची ऐकण्याची बाजू भक्कम होती. ओवी तिला पाठ होती, तिचा ठेका अंगात भिनलेला होता, आणि उकलीची बाजू त्या आधारावर वर्षानुवर्षे हळूहळू वर आली.

उकल ही मेंदूसाठी सोपी गोष्ट नाही. बोलण्याची क्षमता माणूस जन्मतः घेऊन येतो, पण लिपीचे वय जेमतेम पाच हजार वर्षांचे आहे आणि एवढ्या अवधीत मेंदूत वाचनासाठी स्वतंत्र जागा तयार होणे शक्य नव्हते. फ्रेंच वैद्य देजरीन यांनी १८९२ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले, ज्याला मेंदूतील आघातानंतर लिहिता येई, बोलता येई, पण स्वतःच लिहिलेले वाचता येत नसे. पुढे स्पष्ट झाले की डाव्या मेंदूच्या मागच्या भागात, खालच्या बाजूला, एक पट्टा वाचन शिकताना अक्षरांसाठी राबू लागतो. लिपी चिनी असो वा रोमन, जागा जवळपास तीच. मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधील निरक्षर, प्रौढपणी साक्षर झालेल्या आणि लहानपणी शाळेत गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले, तेव्हा उशिरा शिकलेल्यांमध्येही हा बदल दिसून आला.

हा पट्टा सरावाने तयार होईपर्यंत मात्र वाचन कष्टाचेच असते. मूल एकेक अक्षर जुळवत असते तेव्हा त्याचे सगळे लक्ष तिथेच खर्च होते, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेस्तोवर आरंभ निसटलेला असतो. अशा अवस्थेत गोडी लागावी कशी? वाचनाचे अभ्यासक एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये यावर साधा उपाय सुचवला: एकच लहान उतारा वेग येईपर्यंत पुन्हापुन्हा वाचायचा. असे केलेल्या मुलांना पुढचा नवा उतारा पहिल्याच वाचनात आधीपेक्षा सोपा गेला. पारायणात वेगळे काय होते? आपल्याकडे ब्रिज कोठारी यांनी हेच तत्त्व दूरचित्रवाणीवर आणले आणि चित्रपटगीतांचे शब्द त्याच भाषेत पडद्याखाली दाखवले. गाणे पाठ असते, त्यामुळे डोळ्याला पुढचे अक्षर आधीच ठाऊक असते.

आता सीमाभागाकडे वळू. येथे गुणाकाराचे गणित विचित्र होते. खानापूर किंवा निपाणीकडच्या कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मराठी घरातल्या मुलाचा विचार करा. कन्नड अक्षरांची उकल त्याला शाळेत येते, पण कथेतले कन्नड त्याने घरी ऐकलेले नसते. मराठी कथा त्याला ऐकून पुरेपूर समजते, पण देवनागरी कोणी शिकवलेली नसते. दोन्ही भाषांमध्ये एकेक बाजू लंगडी राहते आणि मूल "वाचनात कच्चे" ठरते. त्यात दोन्ही लिप्यांची रचना वेगळी. "अक्का" हा दोन्ही भाषांत चालणारा शब्द घ्या: देवनागरीत पहिला क अर्धा होऊन दुसऱ्याला चिकटतो, तर कन्नडमध्ये दुसरा क लहान होऊन पहिल्याच्या पोटाखाली बसतो. "दिवा" लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी भेटते आणि जिभेवर नंतर येते. कन्नड वाचनावर काम केलेल्या सोनाली नाग यांनी दाखवले आहे की या प्रकारच्या लिपीतली सगळी अक्षरे आत्मसात व्हायला चौथीपर्यंतचा काळ सहज लागतो, कारण जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे धरून ती शेकड्यांनी असतात.

आणि नेमके तिसरी-चौथीत आपण मुलाला सांगतो, "आता तुझं तू वाच." माझ्या मते सर्वांत मोठी चूक येथे होते. ज्या वयात ऐकून समजणारी गोष्ट वाचून समजणाऱ्या गोष्टीच्या कितीतरी पुढे असते, त्याच वयात वाचून दाखवणे बंद पडते, आणि मुलाच्या वाट्याला फक्त त्याच्या उकलीला झेपणारी, म्हणजे त्याच्या बुद्धीला कंटाळवाणी वाक्ये उरतात.

त्यापेक्षा बक्षिसे लावणे लोकांना सोपे वाटते. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना प्रशस्तिपत्राचे आश्वासन दिले, तर काही दिवसांनी ती मुले आधीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. चित्रे म्हणजे पुस्तके नव्हेत, हे मान्य. तरी मी स्वतः लहानपणी पुस्तकांच्या स्पर्धेत पाने मोजत वाचली आणि त्यांतले एकही आज आठवत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात, बेळगावचे सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासून उभे आहे. पुस्तकांची वाण येथे नाही. वाण आहे ती रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या गळ्याची.

मामीचा नातू कन्नड शाळेत चौथीत आहे. यंदा माघात तो तिच्या शेजारी पाटाशी बसला होता. दोघांची बोटे एकाच ओळीवर होती. जोडाक्षर आले की त्याचे बोट अडे, आणि मामी आपले बोट तिथेच टेकवून ठेवी, माईक पुढे निघून गेला तरी.