गाडी ऑइल खातेय? आधी मोजा, मग इंजिन उघडा

‘गाडी ऑइल खातेय, म्हणजे रिंग-पिस्टन गेले’ हा निकाल गॅरेजात बरेचदा बॉनेट उघडायच्या आधीच लागतो. मग इंजिन उतरतं, बोअर होतं, मोठा खर्च होतो. आणि मूळ दोष काहीशे रुपयांच्या एखाद्या व्हॉल्व्हचा असू शकतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन जाळतं. सिलिंडरच्या भिंतीवर त्याचा पातळ थर लागतोच, नाहीतर रिंगा कोरड्या घासतील. त्यातला अंश जळणारच. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, पण ती मर्यादा फारच सैल आहे. दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये लिटरभर ऑइल लागत असेल तर कारण शोधायलाच हवं.

मोजायचं कसं? गाडी सपाट जागेवर उभी करा, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पातळी बघा. वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. इंदूरहून पुण्याला जाऊन आलं की हजारावर किलोमीटर होतातच. मग त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा बघा आणि मापाने ओतून किती लागलं ते लिहा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो पातळी नव्हे, दाब दाखवतो. तो लागेपर्यंत ऑइल फार खाली गेलेलं असतं. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही वाईट: क्रँक (पिस्टन फिरवतो तो खालचा दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर काढणाऱ्या नळीतून, इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या मार्गात) जाऊन जळतं.

आता गळती. रात्री इंजिनखाली पुठ्ठा ठेवा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचा (खालच्या ऑइलच्या भांड्याचा) जोड, ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच आणि क्रँकची पुढची-मागची सील या नेहमीच्या जागा. इंजिन धुऊन दोन दिवस चालवलं की ताजा ओघळ नेमका कुठून येतो ते दिसतं. वरून गळलेलं ऑइल ओघळत खाली येतं, त्यामुळे बघायला वरूनच सुरुवात करा.

गळती नसेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. क्रँककेसमधला (क्रँकभोवतीच्या पोकळीतला) वायू तो इनटेकमध्ये परत पाठवतो. उघडा अडकला तर ऑइलची वाफ ओढली जाते. बंद अडकला तर आतला दाब वाढून चांगली सीलही गळू लागते. व्हॉल्व्ह काढून हलवा. आत गोळी वाजणाऱ्या प्रकारात आवाज आलाच पाहिजे. टर्बो गाडीत इंटरकूलरचा पाइप उघडून बघा. आत हलका ओलावा चालतो, ऑइल साचलेलं असेल तर टर्बोची सील किंवा टर्बोचा तुंबलेला ड्रेन पाइप तपासावा.

धूर काय सांगतो हे पाहायला इंदूर-खंडवा रोडवरचा भेरूघाट उत्तम आहे. पेट्रोल गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवून, रेस सोडून थोडा वेळ जाऊ द्या. थ्रॉटल बंद असल्याने इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम होतो आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी सीलमधून) ऑइल ओढलं जातं. मग रेस दिल्याबरोबर निळा धूर आला तर संशय व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी). सकाळी पहिल्या स्टार्टला निळा झोत येऊन थांबतो, तेव्हाही तेच. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत राहिला तर रिंगा. पण धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही असं समजू नका; कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर लपवतो, आणि त्या ऑइलमधल्या फॉस्फरसने स्वतः खराब होत जातो.

व्हॉल्व्ह सील बदलायला हेड उतरवावंच लागतं असं नाही. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला की व्हॉल्व्ह जागेवर राहतात आणि स्प्रिंग काढता येते.

रिंगांसाठी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते गेजने मोजा: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घातल्यावर दाब ठळकपणे वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. मात्र कॉम्प्रेशन उत्तम असूनही गाडी ऑइल खाऊ शकते, आणि इथेच अनेक जण फसतात. दाब वरच्या दोन रिंगा धरतात; ऑइल खरवडणारी तिसरी. उशिरा ऑइल बदलल्याने तिच्या खोबणीतली बारीक भोकं कार्बनने बुजतात, ती चिकटून बसते आणि ऑइल वरच राहतं. अशा वेळी पिस्टन मध्यावर ठेवून प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं द्रावण रात्रभर मुरवतात. नंतर उरलेलं शोषून काढून, प्लग न लावता इंजिन फिरवायचं. द्रव आत राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. गुण दर वेळी येतोच असं नाही, पण इंजिन उघडण्याआधी हे करून बघावं.

जाड ऑइल घालून खप दाबू नका. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० च्या जोडीला ५डब्ल्यू-४० (गरम इंजिनात थोडं जाड राहणारं) चालत असेल तर तेवढाच बदल करा.

रिंगा बदलाव्याच लागल्या तर सिलिंडरला होनिंग करून तिरप्या रेघा पुन्हा पाडून घ्या, नाहीतर नव्या रिंगा बसतच नाहीत. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने लांब पळवू नका, मग ऑइल आणि फिल्टर बदलून खप नव्याने मोजायला घ्या.